किरकोळ दुरुस्ती

आमच्या काकांच्या लेखी जगात दोनच प्रकारची कामं असतात: झालेली आणि किरकोळ. नळ गळतोय? किरकोळ. छताची काच तडकली? किरकोळ. एकदा काकू म्हणाल्या की पोटात दुखतंय, तर हे वर न बघताच म्हणाले, "किरकोळ असेल," आणि दोन तासांत काकूंचं अपेंडिक्स काढावं लागलं. त्यावरून त्यांना आजही ऐकून घ्यावं लागतं, आणि लागायलाच हवं.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. एकतीस वर्षं ते शहराच्या जुन्या बंदिस्त तरणतलावावर देखभाल कामगार होते. काचेचं छत, लोखंडी कमानी, निळ्या-पांढऱ्या फरश्या, तळघरात पंप आणि दोन मोठ्या फिल्टर टाक्या. ही इमारत काकांपेक्षा वयाने मोठी आणि तब्येतीने कितीतरी वाईट. मी तिथेच पोहायला शिकले. तिथे येणारे सगळे त्यांना किरकोळकाका म्हणायचे, आणि काकांना त्यात काही वावगं वाटत नसे.

बरं, हा शब्द त्यांनी हौसेने उचललेला नव्हता. नोकरीच्या पहिल्याच वर्षी पंपाचा दांडा मोडला. तलावावर एक दुरुस्ती नोंदवही असते. तिच्यात शेवटच्या रकान्यात कामाचा प्रकार लिहायचा: ‘किरकोळ’ किंवा ‘मोठी’. काका नवे होते, प्रामाणिक होते, त्यांनी लिहिलं ‘मोठी’. झालं! मोठी म्हटल्यावर कागद वरच्या कचेरीत गेला. तलाव बंद. पाच महिन्यांनी कागद परत आला, त्यावर लाल शाईत एकच ओळ: ‘मोठी म्हणजे किती मोठी ते स्पष्ट करावे.’

त्या पाच महिन्यांत एक बाई रोज फाटकाशी येऊन विचारून जायच्या. लाल टोपी घालून पोहणाऱ्या, गुडघे दुखत म्हणून डॉक्टरांनी पाण्यात पाठवलेल्या. आधी त्या चालत यायच्या, मग काठी घेऊन यायला लागल्या, मग यायच्याच बंद झाल्या. शेवटी तोच दांडा ‘किरकोळ’ म्हणून बदलून तलाव उघडला, तेव्हा त्यांना पाण्याच्या पायऱ्या उतरायला दोन माणसं लागली. काकांनी ते पाहिलं आणि मनाशी ठरवून टाकलं. पुन्हा म्हणून त्या रकान्यात ‘मोठी’ लिहायचं नाही. किरकोळ कामाला तलावाच्या व्यवस्थापकाची सही पुरते आणि काम संध्याकाळपर्यंत उरकतं.

मग काकांनी जे केलं त्याला तोड नाही. तळघरातला मुख्य पाइप सडला, तर तो त्यांनी हातभर, हातभर असा बदलला. नऊ वर्षं, बेचाळीस तुकडे. नोंदवहीत बेचाळीस वेळा एकच ओळ: ‘पाइपचा तुकडा बदलला. किरकोळ.’ छताच्या एकशे साठ काचा एकेक करून बदलल्या. एकशे साठ किरकोळ! माणसाने अख्खी इमारत तुकड्या-तुकड्याने पुन्हा बांधली आणि कागदावर तिला साधी सर्दीही झाली नाही.

आता मी कुठे नोकरी करते ते सांगते, कारण खरी गंमत तिथून सुरू होते. मी शहराच्या इमारत विभागात, त्याच वरच्या कचेरीत. लाल शाईवाले साहेब कधीच निवृत्त झाले. त्यांची खुर्ची अजून आहे आणि तीही डुगडुगते. कितीतरी वर्षांच्या रडारडीनंतर यंदा जुन्या सार्वजनिक इमारतींच्या दुरुस्तीसाठी वेगळा निधी मंजूर झाला. ज्या दिवशी ती बातमी आली त्या दिवशी आमच्या मजल्यावर लोक टेबलं बडवत होते. अठ्ठावीस इमारती, त्यांतल्या सहा या खेपेला घ्यायच्या. बाकीच्यांपैकी ज्यांना गुण फारच कमी, त्या एकेक करून बंद करायच्या. गुण कशावर? तर गेल्या पंचवीस वर्षांत नोंदवहीत किती ‘मोठ्या’ दुरुस्त्या लागल्या त्यावर.

यादी माझ्या हातात आली तेव्हा मी बोट खाली सरकवत गेले. वाचनालय, ऐंशी. बाजाराची इमारत, चौसष्ट. जुना दवाखाना, एकाहत्तर. आणि सगळ्यांत शेवटी तरणतलाव. शंभरपैकी शून्य.

मी माझ्या साहेबांकडे गेले, आधी सांगून टाकलं की तिथले कामगार माझे सख्खे काका आहेत, त्यामुळे ही फाइल माझ्याकडे नको. मग विचारलं की शून्य कसं? साहेब म्हणाले, "अहो, नोंदच नाही तर गुण कुठून देऊ? आठ दिवसांत हरकत घ्या म्हणावं. समिती पाहायला येईल."

संध्याकाळी मी तडक काकांच्या घरी. काका स्वयंपाकघरातल्या नळाचा वॉशर बदलत होते आणि काकू शेजारी उभ्या राहून सूचना देत होत्या. मी सगळं सांगितलं. काकांनी पाना ओट्यावर ठेवला.

"म्हणजे," ते म्हणाले, "मी काम नीट केलं म्हणून शून्य?"

"हो काका."

"आणि ज्यांनी काहीच केलं नाही, त्यांना ऐंशी?"

"तसंच काहीसं."

"आणि पुढच्या महिन्याअखेर मी निवृत्त होतोय."

"तेच तर! तुमच्या जागी माणूस भरणार नाहीत. शून्य गुणांच्या इमारतीला माणूस कशाला? तुम्ही गेलात की वर्षभरात तलावाला कुलूप."

काकांचा चेहरा पाहवेना. मला वाटलं, आता तरी ‘किरकोळ’ म्हणू नका हो. त्यांनी म्हटलं नाही. काकूच बोलल्या.

"एकतीस वर्षं सांगतेय, थोडं मोडू द्या म्हणून! लोकांना कळू तरी द्या काय चाललंय ते. पण नाही. मोडायच्या आधी हे हजर."

"मग आता काय करायचं?" मी विचारलं.

"काही नाही करायचं," काकू म्हणाल्या. मग त्यांचे डोळे असे काही चमकले की मी आणि काका दोघंही दचकलो. "अहो, खरंच. काहीच नाही करायचं! समिती येईल तेव्हा तुम्ही एक तास खुर्चीत बसायचं. नुसतं बसायचं. बघू दे त्यांना, तुमच्याशिवाय ती इमारत कशी दिसते ते."

मी काकूंना मिठीच मारली. काका मात्र म्हणाले, "एक तास? बसून? मी?"

आणि खरी अडचण तीच होती.

समिती सहाव्या दिवशी चार वाजता आली. तिघंजण. अध्यक्षबाई स्वतः इंजिनिअर, पांढरे केस, चेहऱ्यावर इस्त्री केल्यासारखी शिस्त. त्यांच्यासोबत एक उंच सदस्य आणि एक टिपणं घेणारे. पोहणाऱ्यांना पाण्याबाहेर काढलं होतं, पण घरी कोण जातंय! सगळे टॉवेल गुंडाळून बाकांवर बसले होते. पहिल्या बाकावर लाल टोपीवाल्या आजी. हो, त्याच. आता त्र्याऐंशी वर्षांच्या.

तलावाच्या काठाला दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. एकीवर काका, दुसरीवर काकू. काकूंनी काकांचा हात घट्ट धरला होता. लोकांना वाटलं, काय प्रेम आहे! मला माहीत होतं, ती पकड होती.

चार वाजून पाच मिनिटांनी भिंतीवरचं मोठं घड्याळ थांबलं. काकांचा पाय हलला.

"बसा," काकू पुटपुटल्या.

"नुसती एक टिचकी मारायची असते गं..."

"बसा म्हणते ना!"

चार वाजून बारा मिनिटांनी कपडे बदलायच्या खोलीतून धडधड ऐकू आली. उंच सदस्य आत पाहणी करायला गेले होते आणि दार अडकलं होतं. ते दार जरा वर उचलून मगच ढकलावं लागतं, हे शहरातल्या तीन पिढ्यांना माहीत आहे, पण ते पडले नवे. आतून आवाज, "अहो, कोणी आहे का?" काकांच्याने राहवेना. त्यांनी बसल्या जागेवरून ओरडून सांगितलं, "उचलून ढकला, साहेब! उचलून!"

"तोंडाने पण दुरुस्ती नको!" काकू म्हणाल्या.

बाकांवर खसखस पिकली. साहेब बाहेर आले ते घामाघूम, हातात दाराची मूठ. टिपणं घेणारे भराभर लिहीत होते. चालतंय! कधी नव्हे ते सगळं बिघडतंय!

अध्यक्षबाई मात्र दाराकडे पाहत नव्हत्या की घड्याळाकडे. त्या काठाशी वाकून पाण्याकडे पाहत होत्या. काठाखालच्या निळ्या फरश्यांची जी ओळ नेहमी पाण्यात असते, ती बोटभर उघडी पडली होती, ओली आणि चकचकीत.

"पाणी उतरतंय," त्या म्हणाल्या. "तासाला किती उतरतं?"

काकूंनी काकांना कोपराने ढोसलं. "सांगा की."

"मोजलं नाही कधी, बाई," काका म्हणाले. "दर अर्ध्या तासाला मी वरून सोडतो. उतरू देतच नाही."

"किती वर्षं?"

"पहिली गळती सापडली तेव्हापासून... सतरा."

त्याच वेळी तळघरातून येणारी घरघर बदलली. आम्हाला बाकीच्यांना काही कळलं नसतं, पण काकांचा चेहरा पाहिला आणि मी कान दिला. आवाज चढत चालला होता, बारीक, कर्कश.

"पंप हवा ओढतोय," काका म्हणाले. "हवा काढली नाही तर कोरडा फिरेल. सील जळेल."

"बसा!" काकू म्हणाल्या, पण आता त्यांचीही नजर तळघराच्या पायऱ्यांकडे होती.

"जळालं तर?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"तर उद्या सकाळी तलाव उघडणार नाही!"

काका उठले. काकूंनी दोन्ही हातांनी धरलं, तरी उठले. पासष्ट किलोच्या काकूंना खुर्चीसकट दोन फूट ओढत नेलं आणि मग हात सोडवून तळघराच्या पायऱ्यांकडे धावले. साठीला टेकलेला माणूस ओल्या फरशीवर असा पळतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. बाकांवरचे सगळे उभे राहिले. खाली लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज, मग हिस्स करून हवा सुटली, आणि हळूहळू ती ओळखीची घरघर परत आली. लोकांनी टाळ्या वाजवल्या! अगदी कडकडून. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. एक तास बसायचं ठरलं होतं, सगळ्यावर पाणी फिरवलं की हो यांनी!

काका वर आले, बाह्या भिजलेल्या, मान खाली. "चुकलं," म्हणाले. "नाही बसवलं."

अध्यक्षबाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "चार वाजता बसलात. चार अठ्ठावीसला उठलात," त्या म्हणाल्या. "म्हणजे ही इमारत अठ्ठावीस मिनिटं उभी राहू शकते. लिहा." टिपणं घेणाऱ्यांनी लिहिलं.

माझ्या रागाचं पाणी पाणी झालं. पण बाईंचं संपलं नव्हतं. "मी डोळ्यांनी पाहिलं ते खरं. तरी गुण मिळतात ते नोंदीवर, आणि तुमच्या गेल्या पंचवीस वर्षांच्या नोंदवह्यांत एकही मोठी दुरुस्ती नाही. नियमात एक वाट आहे. एकाच भागाचं काम तुकड्यांत झालं असेल तर ते एकत्र धरून मोठी दुरुस्ती म्हणता येतं. मात्र ज्याने नोंद केली, त्याने स्वतःच्या हाताने तसं लिहून द्यायचं. परवा संध्याकाळपर्यंत."

व्यवस्थापकांनी तिथल्या तिथे नोंदवही उघडून समोर ठेवली. "आजच्यापासून सुरुवात करा," बाई म्हणाल्या. "पंप."

काकांनी पेन घेतलं. ‘पंपातली हवा काढली. आत येणाऱ्या पाइपला फट आहे.’ मग रकाना आला. आम्ही सगळे वाकून पाहतोय, आणि काकांचा हात सरावाने सरळ लिहीत सुटला: ‘कि...’

"अहो!!!" हे एकदम तीस जण ओरडले. माझा आवाज त्यात सगळ्यांत मोठा होता.

काका थांबले. "मोठी लिहिलं की तलाव बंद होतो," ते अगदी हळू म्हणाले. "मी पाहिलंय."

आणि ते खरंच होतं. निधी मिळाला तर फरशीपासून छतापर्यंत सगळं निघणार, आणि नऊ महिने तलाव बंद राहणार हे मला कचेरीतून माहीत होतं. मी ते त्यांना सांगायचं टाळलं होतं. आता सांगावं लागलं.

काकांनी पेन खाली ठेवलं आणि पहिल्या बाकाकडे पाहिलं. लाल टोपीवाल्या आजी काठी टेकत उठल्या, एकेक पाऊल टाकत जवळ आल्या.

"नऊ महिने ना?" त्यांनी मला विचारलं.

"हो आजी. नऊ."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर काका गेल्यावर कायमचं."

आजी काकांकडे वळल्या. "अरे, मग लिही की. मी घरी बसून गुडघे वाकवत राहीन रोज. पण मला परत यायला जागा ठेव."

काकांनी ‘कि’ खोडला. आणि एकतीस वर्षांत दुसऱ्यांदा, मोठ्या, वाकड्या अक्षरांत लिहिलं: ‘मोठी’.

पुढचे दोन दिवस काय धमाल उडाली म्हणून सांगू! व्यवस्थापकांनी कपाटातून एकोणीस नोंदवह्या काढल्या. पोहायला येणाऱ्यांनी काठावरच त्या वाटून घेतल्या आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. एक निवृत्त शिक्षिका पाइपचे तुकडे शोधत होत्या, एक टॅक्सीवाले काचा. "सापडला! सदतीसावा तुकडा!" की सगळे ओरडायचे. पुरुषांच्या खोलीच्या दारावर कोणी तरी खडूने बेरीज लिहीत होतं. मी रजा टाकून वाचत बसले होते. गुण देणारी नव्हते, पण पुतणी तर होते. काकू सगळ्यांना चहा देत होत्या आणि मध्येच एखादी ओळ ऐकून म्हणायच्या, "म्हणजे त्या दिवशी तुम्ही माझ्या बहिणीच्या लग्नाला उशिरा आलात, ते या व्हॉल्व्हमुळे?" काका मान डोलवायचे आणि लिहायचे. मुख्य पाइप, मोठी. छत, मोठं म्हणजे मोठी. फिल्टरची वाळू, मोठी. दुपारपर्यंत त्यांना त्या शब्दाची इतकी गोडी लागली की झाडू बदलल्याची नोंदही ते मोठीत घालायला निघाले. तिथे मीच आवरलं.

आठ दिवसांनी सुधारलेली यादी लागली. मी ती कचेरीत वाचली आणि जिना उतरायचा सोडून कठड्यावरून घसरत आले असते, पण वय आड आलं. तरणतलाव, शहात्तर गुण. सहांत तिसरा! फोनवर काकांना सांगितलं तर पलीकडे धप्पकन काहीतरी पडलं. मग काकूंचा आवाज, "अगं, हे इथे मटकन खाली बसलेत आणि हसतायत. काय सांगितलंस?"

मंजुरीच्या कागदात शेवटी आणखी एक ओळ होती. काम झाल्यावर देखभालीसाठी पदं: तीन. ती मी काकांना दाखवली. "तीन कशाला?" ते म्हणाले. "एक माणूस पुरतो."

"हो का?" काकू म्हणाल्या. "तो एक माणूस एकतीस वर्षं घरी जेवायला कधी वेळेवर आला का?"

महिन्याअखेर, काकांच्या शेवटच्या दिवशी, आम्ही सगळे तलावावर गेलो. दुसऱ्या दिवसापासून पाणी काढायला सुरुवात होणार होती. लाल टोपीवाल्या आजी शेवटच्या फेऱ्या मारून पाण्यातून बाहेर आल्या होत्या आणि काठाला बसून पाय पाण्यात हलवत होत्या. काकांनी चाव्या दिल्या, घड्याळाला हलकेच ठोकायचा लाकडी हातोडा दिला, दार उचलून कसं ढकलायचं ते व्यवस्थापकांना पुन्हा एकदा दाखवलं. मग नोंदवही मागितली. शेवटची नोंद त्यांना स्वतः करायची होती.

मी खांद्यावरून वाचत होते. ‘देखभाल कामगार निवृत्त. चाव्या जमा केल्या.’ मग ते त्या रकान्यापाशी आले, जराही न थांबता लिहिलं ‘किरकोळ’ आणि वही मिटायला लागले.

काकूंनी वही धरली. आयुष्यात कधी त्या नोंदवहीला हात न लावलेल्या काकूंनी त्यांच्या हातातलं पेन काढून घेतलं, ‘किरकोळ’ हा शब्द नीट सरळ रेघेने खोडला आणि त्याच्यावर ‘मोठी’ लिहिलं. मग डोळे पुसले आणि व्यवस्थापकांना विचारलं, "सही कुठे करायची असते?"